जपानी खेळाडूला खोट्या साक्षीला उभं करू नका

गेली काही वर्षं ओतूरपासून नारायणगावापर्यंत आणि तिथून खाली मंचरपर्यंत, व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. पालकसभेत येतो, गणेशोत्सवातल्या व्याख्यानात येतो, कांद्याच्या लिलावाची वाट बघत बसलेल्या माणसांच्या बोलण्यातही येतो. जपानी माणसानं पाश्चात्त्यांचे खेळ कधी उंबऱ्याच्या आत घेतले नाहीत. त्यानं आपले खेळ केले, आपलेच खेळले, म्हणून त्याची संस्कृती टिकली. आपली पोरं मात्र परक्यांचे किल्ले आणि परक्यांचे देव घेऊन बसली आहेत. तेव्हा जपानसारखं करा, दार लावून घ्या.

हा युक्तिवाद करणाऱ्यांची कळकळ खोटी नाही, हे मी मान्य करतो. पण ज्या जपानी खेळाडूला ते साक्षीला उभं करतात त्यानं असं काहीही केलेलं नाही. गंमत म्हणजे पुण्या-मुंबईच्या शिकल्या-सवरल्या वर्तुळात याच समजुतीची उलटी बाजू ऐकू येते: जपानी खेळाडू आपल्याच कोशात राहणारा, पाश्चात्त्य आरपीजी त्याला पेलत नाहीत. एक जण त्याच गोष्टीचं कौतुक करतो, दुसरा तिलाच नावं ठेवतो. ती गोष्ट घडलेलीच नाही, हे दोघांनाही ठाऊक नाही.

आरपीजी म्हणजे खेळणारा ज्यात एखाद्या पात्राची भूमिका घेऊन जगतो असा खेळ. त्या पात्राचं बळ, विद्या, हत्यारं हळूहळू वाढवायची, साथीदार जोडायचे, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि त्या बोलण्यातून कथा पुढे न्यायची. नुसत्या गोळ्या झाडायच्या खेळाला भाषेवाचून फारसं अडत नाही. आरपीजीचं पानोपानी अडतं. व्हिडिओ गेममधला हा सर्वांत जास्त शब्द लागणारा प्रकार, आणि म्हणूनच तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कसा गेला हे बघण्यासारखं आहे.

१९८१ साली अमेरिकेत दोन खेळ आले. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ आणि रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा’. पहिल्यात सहा जणांची टोळी घेऊन अंधाऱ्या भुयारात उतरायचं. दुसऱ्यात मोकळ्या मुलखात वरून दिसणाऱ्या नकाशावर फिरायचं. जपानात तेव्हा घरी संगणक असणारी माणसं थोडी होती. पण जी होती त्यांनी या खेळांवर अक्षरशः रात्री काढल्या. युजी होरी हा त्यांतला एक. त्यानं १९८३ साली ‘पोर्टोपिया’ हा खुनाच्या तपासाचा खेळ केला होता. तो १९८५ साली फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रावर आला तेव्हा त्यात त्यानं एक भुयार घातलं, केवळ ‘विझर्ड्री’ला नमस्कार म्हणून. आणि मे १९८६ मध्ये त्याचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. मुलखात फिरण्याची रीत ‘अल्टिमा’ची, शत्रू समोर उभा ठाकून होणारी लढाई ‘विझर्ड्री’ची, चित्रं अकिरा तोरियामाची, संगीत कोइची सुगियामाचं. किचकट कळा काढून टाकल्या, शाळकरी मुलाला कुणी न शिकवता खेळता यावा इतका तो सुटसुटीत केला. आज जग ज्याला जपानी आरपीजी म्हणतं त्याची पहिली वीट ही आहे आणि तिची माती अमेरिकेतून आलेली आहे.

त्याच्याही दोन वर्षं आधी, १९८४ साली, जपानी लोकांना आरपीजीची तोंडओळख करून देणाऱ्या खेळांपैकी एक, ‘ब्लॅक ऑनिक्स’, जपानात राहून कुणी केला? हेंक रॉजर्स या जन्मानं डच असलेल्या माणसानं. जपानी खेळाडूंनी तो परक्याचा म्हणून परत पाठवला नाही.

‘विझर्ड्री’चं पुढे जे झालं ते तर या वादात कुणी सांगतच नाही. आस्की नावाच्या जपानी प्रकाशन कंपनीनं तो आधी संगणकांसाठी जपानात आणला आणि १९८७ साली फॅमिकॉमवर उतरवला. जुन सुएमी या चित्रकारानं त्यातले राक्षस नव्यानं काढले, केंतारो हानेदानं संगीत दिलं. जपानी मुलांना जो ‘विझर्ड्री’ मिळाला तो मूळच्यापेक्षा गंभीर, देखणा आणि भारदस्त होता. त्यावर कादंबऱ्या निघाल्या. अमेरिकेतल्या मूळ मालिकेचा शेवटचा, आठवा भाग २००१ साली आला आणि ती कंपनी मिटली. जपानात मात्र नवे ‘विझर्ड्री’ निघत राहिले, आणि त्या नावाचे हक्कही आता एका जपानी कंपनीकडे आहेत. अमेरिकेनं जन्म दिलेलं पोर अमेरिका विसरली, जपाननं वाढवलं. याला दार लावून घेणं म्हणतात का?

पुस्तकांच्या बाबतीतही तेच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून, तोंडानं कथा रचत खेळायचा अमेरिकन खेळ. १९८६ साली ‘कॉम्पटिक’ या जपानी मासिकानं काही मित्रांनी खेळलेल्या अशा एका डावाचा वृत्तान्त क्रमशः छापायला सुरुवात केली. त्यातून रयो मिझुनोच्या ‘लोदोस’ कादंबऱ्या झाल्या, पुढे ॲनिमेशन मालिका झाल्या, आणि लांब कानांच्या वनदेवतांपासून बुटक्या लोहारांपर्यंतचं सगळं गोत जपानी कल्पनेत कायमचं राहायला आलं. हिदेताका मियाझाकीचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. लहानपणी तो ग्रंथालयातून पाश्चात्त्य अद्भुतकथांची, वयाच्या मानानं अवघड पुस्तकं आणी. जे कळत नसे ते स्वतःच्या कल्पनेनं भरून काढी. त्यानं स्वतःच हे मुलाखतीत सांगितलं आहे. त्या अर्धवट कळलेल्या पानांतून पुढे ‘डार्क सोल्स’ आला, २०२२ साली ‘एल्डन रिंग’ आला, आणि पाश्चात्त्य स्टुडिओ त्याचे धडे गिरवू लागले. मुलाच्या हातातून परकं पुस्तक काढून घेतलं असतं तर यातलं काय उरलं असतं, हे दार लावायला निघालेल्यांनी मला सांगावं.

आता ते म्हणतील, ही जुनी गोष्ट झाली. पुढे जपानचे आपले खेळ तयार झाल्यावर त्यानं परक्यांकडे पाठ फिरवली. हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरंच जास्त घातक असतं. जपानी बाजारात पाश्चात्त्य आरपीजींचा वाटा लहान राहिला, हे खरं. पण का राहिला, याची जपानी खेळाडूंनी दिलेली कारणं बघा. पात्रांचे चेहरे ओबडधोबड वाटतात. नायकाच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या खेळात फिरताना गरगरतं. भाषांतर उशिरा येतं, आलं तरी कसंबसं केलेलं असतं. एक्सबॉक्स हे यंत्र तिथे कधी घरोघरी पोचलंच नाही, आणि आगगाडीत उभ्या-उभ्या हातातल्या यंत्रावर खेळणाऱ्या माणसाला दिवाणखान्यात बसून खेळायचा शंभर तासांचा खेळ कसा परवडणार? यात संस्कृतिरक्षणाचं नाव तरी निघतं का? ही गिऱ्हाइकाची आणि रसिकाची साधी गाऱ्हाणी आहेत.

एक गाऱ्हाणं मात्र खोल आहे आणि त्यावर थांबायला हवं. पाश्चात्त्य आरपीजी बहुधा कोरा नायक देतो: नाव तू ठेव, चेहरा तू घडव, आता जा, हवं ते कर. गावकऱ्याला मदत कर किंवा त्याचं घर लुट. जपानी खेळाडूला अनेकदा प्रश्न पडतो, मग कथा कुणाची? त्याला नाव-गाव असलेला, आई-बाप असलेला, भीती वाटणारा नायक हवा असतो, त्याच्या सोबतीनं एका ठरलेल्या शेवटापर्यंत जायचं असतं. मोकळीक हा त्याला सर्वांत मोठा गुण वाटत नाही. मला यात मागासलेपण दिसत नाही. गोष्ट सांगण्याची ही दुसरी परंपरा आहे आणि तिला स्वतःचं सौंदर्य आहे. पाश्चात्त्य खेळाडूही जपानी खेळांबद्दल अशीच गाऱ्हाणी करतात: नायक पोरसवदा, कथा रुळावरून हलत नाही, संवाद संपत नाहीत. त्यांना कुणी कोशातले म्हणत नाही. उलट २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या गेम विकासकांच्या परिषदेत एका जपानी विकासकानं आजच्या जपानी खेळांबद्दल काय वाटतं असं विचारलं, तेव्हा व्यासपीठावरच्या एका कॅनेडियन विकासकानं ‘तुमचे खेळ भिकार आहेत’ अशा अर्थाचं उत्तर त्याच्या तोंडावर दिलं. ‘फायनल फँटसी’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ साली सांगितलं, की जपानी आरपीजी हा वेगळा शिक्काच आपल्या पिढीतल्या काहींना हिणवणारा वाटत असे. कोतेपणाचा आरोप करायचाच असेल तर तो आधी कुठल्या दाराशी न्यायचा, हे पुण्या-मुंबईतल्या टीकाकारांनी ठरवावं.

आणि चांगलं आलं तेव्हा जपानी खेळाडूनं हात आखडता घेतला का? ‘फामित्सू’ हे तिथलं सर्वांत वजनदार गेम साप्ताहिक. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा गुण. २०११ साली ‘स्कायरिम’ या अमेरिकन आरपीजीला त्यांनी ४० पैकी ४० दिले. पाश्चात्त्य देशात तयार झालेल्या खेळाला हा मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. कोरा नायक, मोकळा मुलूख, ‘जा आणि हवं ते कर’, सगळं तेच. तरीही दिले.

आता मी ज्या उदाहरणाकडे येतोय त्यात जपान आणि आपण समोरासमोर उभे आहोत. २००८ सालचा ‘फॉलआउट ३’. अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त अमेरिकेतली कथा. त्यात मेगाटन नावाची वस्ती एका न फुटलेल्या अणुबाँबभोवती वसलेली आहे. तो बाँब निकामी करायचा की पैशासाठी फोडून अख्खी वस्ती जाळायची, हे मूळ खेळात खेळणाऱ्यावर सोडलेलं आहे. हिरोशिमा-नागासाकीच्या देशात हे जसंच्या तसं जाणार नव्हतं. जपानी आवृत्तीतून वस्ती उडवण्याचा पर्याय काढला, तो पर्याय पुढे करणारं पात्रही काढलं. नागासाकीवर टाकलेल्या बाँबचं नाव खेळातल्या एका हत्याराला दिलेलं होतं, ते बदललं. बाकीचा खेळ जपानीत आला आणि जपानी लोकांनी तो खेळला.

भारतात काय झालं? मायक्रोसॉफ्टनं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन एक्सबॉक्सवरचा ‘फॉलआउट ३’ भारतात आणणंच रद्द केलं. नेमकं काय खुपलं असतं हे कंपनीनं सांगितलं नाही. खेळातल्या दोन तोंडांच्या गुरांना ‘ब्राह्मिन’ म्हटलं आहे, त्यामुळे असेल, असा लोकांनी तर्क केला. कुणी मोर्चा काढला नव्हता, कुणी निवेदन दिलं नव्हतं. आपल्याला विचारलंही नाही आणि आपल्या वतीनं ठरवून टाकलं.

एकच खेळ, एकच साल. जपानी माणसाच्या जखमेची दखल घेऊन खेळ त्याच्यापुरता बदलला गेला. आपल्या भावनेचा नुसता अंदाज बांधून खेळच गुंडाळला गेला. याचं कारण जपानी लोक जास्त स्वाभिमानी आणि आपण कमी, असं नाही. त्यांची भाषा त्या खेळात शिरलेली होती. भाषांतर करणारी माणसं होती, तिथे आवृत्ती काढणारे होते, वयोगट ठरवणारी संस्था होती, परीक्षण छापणारं साप्ताहिक होतं. म्हणजे बोलणी करायला समोर माणूस होता. ज्याची भाषा खेळात नाही त्याच्याशी कुणी बोलणी करत नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. जपानी खेळाडूला आवड-नावड ठणकावून सांगता येते ती दार बंद ठेवल्यामुळे नव्हे, तर त्यानं चाळीस वर्षं आपल्या भाषेत हे खेळ आणले, पचवले आणि नवे केले म्हणून.

हक्क कसा बजावतात हेही त्याच्याकडूनच बघावं. २०२० साली अमेरिकेतल्या एका स्टुडिओनं ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ काढला, १२७४ च्या मंगोल स्वारीवरचा. परक्यानं आपल्या इतिहासाला हात लावला म्हणून जपानी खेळाडूंनी गहजब केला नाही. ‘फामित्सू’नं पुन्हा ४० पैकी ४० दिले. त्याच वर्षी चक्रीवादळात त्सुशिमा बेटावरच्या वातात्सुमी देवस्थानची तोरी कमान पडली, तेव्हा तिच्यासाठी मागितलेल्या रकमेच्या पाचपटीहून जास्त जमले, आणि देणाऱ्यांत या खेळाचे चाहते मोठ्या संख्येनं होते. बेटानं त्या खेळाच्या दोन अमेरिकन दिग्दर्शकांना आपले पर्यटनदूत केलं.

पाचच वर्षांनी ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ हा आरपीजी आला, युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा, मार्च २०२५ मध्ये. यावर जपानात नाराजी झाली आणि ती साधार होती. सेकिगाहारातल्या, जुन्या लढायांचं प्रात्यक्षिक करणाऱ्या एका बंदूकपथकाचं निशाण प्रसिद्धीच्या चित्रात न विचारता वापरलं होतं. कंपनीनं त्याबद्दल माफी मागितली. हिमेजीतल्या इतातेह्योझु या खऱ्या देवस्थानाच्या आतल्या वस्तू खेळात फोडता येत होत्या, आणि देवस्थानाची परवानगी घेतलेली नव्हती. तिथल्या संसदेत हा प्रश्न निघाला. प्रश्न विचारणाऱ्या सदस्यांनीही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मान राखूनच विचारलं, की खेळ पाहून प्रत्यक्षात देवळांची नासधूस व्हायला नको. युबिसॉफ्टनं खेळ आला त्याच दिवशी दुरुस्ती काढून देवळांतल्या वस्तू फुटणार नाहीत अशी सोय केली. बंदी आली नाही. कुणी मागितली तरी ती जपानी खेळाडूंची मुख्य मागणी नव्हती.

ओतूरकरांना हे समजायला वेळ लागू नये. श्रावणातल्या सोमवारी मांडवीकाठच्या कपर्दिकेश्वरात तांदळाच्या पिंडी एकावर एक रचतात, त्या बघायला लांबून माणसं येतात. उद्या एखाद्या खेळात ते देऊळ आलं आणि खेळणाऱ्याला त्या पिंडी लाथेनं उडवता आल्या, तर आपल्याला राग येईल आणि तो रास्त असेल. पण त्या रागात ‘ती सोय काढा’ म्हणायचं की ‘आमचं देऊळ दाखवूच नका’ म्हणायचं, इथे खरी कसोटी आहे. जपानी लोकांनी पहिलं म्हटलं.

‘शॅडोज’वर आणखी एक ओरड झाली: नायक यासुके, आफ्रिकन माणूस, जपानी कथेत कशाला? या ओरडीत जपानबाहेरचे लोक किती मोठ्या आवाजात सामील होते हे सगळ्यांनी पाहिलं. यासुके खरा होऊन गेला. १५७४ साली गोव्यात उतरलेला आलेस्सांद्रो वालिन्यानो हा इटालियन जेझुइट १५७९ साली जपानला पोचला, त्याच्याबरोबर हा होता. १५८१ साली नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदारानं त्याला पाहिलं आणि पदरी ठेवलं. तो नेमका कोणत्या दर्जाचा होता यावर वाद होऊ शकतो, तो होता यावर नाही. आणि हा प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या माणसानं तर विचारूच नये. कारण त्याच पिढीतला दुसरा आफ्रिकन माणूस, इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला मलिक अंबर, यानं १६०७ च्या सुमारास निजामशाहीची राजधानी जुन्नरला आणली. मोगलांना वर्षानुवर्षं झुलवणारी गनिमी लढाई त्यानं याच डोंगरांत लढवली. शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीला त्याच्या बाजूनं लढले. शिवनेरीचा इतिहास १६३० पासून सुरू होत नाही. कुणी परदेशी स्टुडिओ उद्या १६०७ चं जुन्नर उभं करून मलिक अंबरला नायक करील, तर त्यात आपल्याला बोचण्यासारखं काय आहे? मला तर त्यांच्याआधी आपण केलं नाही याचं वाईट वाटेल.

परक्यानं आपला मुलूख दाखवण्यात जे खरंच बोचतं त्याचं उदाहरण समोर आहे. २०१७ साली ‘अनचार्टेड’ मालिकेतल्या एका अमेरिकन खेळाची कथा पश्चिम घाटात घडवली होती. आरपीजी नव्हे, पण डोंगर आपले. तो मुलूख अतिशय देखणा रंगवला आहे: धबधबे, होयसळांची शिल्पं, हिरवीगार दरी. मात्र त्या विस्तीर्ण दरीत एक वाडी नाही, एक गुराखी नाही, भाताचं एक खाचर नाही. भेटतात ते बंदूकधारी. माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला हे बघून रितं वाटतं. जपानी खेळाडू असता तर त्यानं हीच चूक बोट ठेवून दाखवली असती, परीक्षणात लिहिली असती, पुढच्या खेळात ती सुधारली गेली असती. आपल्याकडे ती कुणी मराठीत मांडली? आपण एक तर खेळ डोक्यावर घेतो नाही तर सगळेच खेळ वाईट म्हणून मोकळे होतो. मधलं काम, म्हणजे बारकाईनं बघून बरं-वाईट सांगण्याचं, कुणी करत नाही.

परकं आलं की आपलं बाटतं, हा धाक जुन्नरच्या मातीत मुळात शोभत नाही. आपल्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावं आहेत. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची टाकी खोदवली, चिट नावाच्या यवनानं संघासाठी भोजनमंडप दिला. नाणेघाटातून जो माल चढला त्याबरोबर माणसंही चढली आणि इथल्या डोंगरात आपलं दान कोरून गेली. मराठी भाषेनंही कधी सोवळं पाळलं नाही. देवलांनी ‘ऑथेल्लो’ घेतलं आणि ‘झुंझारराव’ केलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. पु. लं.नी ‘पिग्मॅलियन’ला ‘ती फुलराणी’ करून तिला आपल्या मातीतली बोली दिली. होरीनं ‘विझर्ड्री’चं जे केलं तेच हे. नाटकात आपण ते शंभर-सव्वाशे वर्षं केलं आणि खेळात मात्र एकदाही केलं नाही.

इथे मला सांगतात की मराठी बाजार तो केवढा. पोलंड बघा. लोकसंख्या चार कोटींच्या आत. तिथल्या सीडी प्रोजेक्ट या दुकानदारी करणाऱ्या छोट्या कंपनीनं १९९९ साली ‘बाल्डर्स गेट’ हा प्रचंड मजकूर असलेला आरपीजी नामवंत नटांच्या आवाजासह पोलिश भाषेत आणला. तो खपला. त्या कामात जमलेल्या माणसांच्या आणि पैशाच्या बळावर त्यांनी पोलिश लेखक सापकोव्स्की यांच्या कथांवरून ‘द विचर’ केला, २००७ साली. आज तो जगभर खेळला जातो, जपानातही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. ‘स्कायरिम’, ‘विचर’, ‘बाल्डर्स गेट’, ‘एल्डन रिंग’ यांतल्या एकाच्याही भाषांच्या यादीत मराठी नाही. मागणीचा आवाजच नसेल तर मराठी तिथे कुठून येणार?

पोरांना इंग्रजी येतं, मराठीची गरज काय, असंही ऐकतो. ज्यांना येतं त्यांनाच हे सुचतं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळेतल्या मुलाच्या हातात आज मोबाइल आहे. त्याला इंग्रजी येत नाही म्हणून तो काय खेळतो? ज्याला वाचावं लागत नाही तेच: नुसती गोळीबाराची मैदानं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीसकट ११८ ॲप बंद केली, पुढच्याच वर्षी तोच खेळ नाव बदलून परत आला. या दोन्ही वेळी त्या मुलाच्या वाट्याला वेगळं काही आलं नाही. वाचून विचार करायला लावणारा, निवडीचे परिणाम भोगायला लावणारा, शंभर तासांची कादंबरी जगायला देणारा प्रकार त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. परक्या खेळांनी त्याचं नुकसान केलं म्हणता. त्याला त्यातले चांगले मिळालेच नाहीत, हे नुकसान कुणी मोजलं?

पैसे लावून खेळायच्या रमीसारख्या ॲपांनी घरं बुडाली, हे पालक सांगतात ते पूर्ण खरं आहे. त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, योग्यच केलं. पण जुगाराचं पाप आरपीजीच्या माथी मारू नका. पैसे लावायच्या ॲपमध्ये कथा नाही, नायक नाही, देऊळ नाही, गाव नाही. दोन्हींना ‘गेम’ म्हणतात एवढ्यावरून एकाची शिक्षा दुसऱ्याला देणं अन्यायाचं आहे.

स्वतःचं करायचं तर आपल्याला जमणार नाही, हा शेवटचा आक्षेप. ओतूरपासून शंभरेक किलोमीटरवर, पुण्यात, नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओनं ‘राजी’ केला. तो २०२० साली आला. नायिका एक भटकी खेळकरी मुलगी, कथा आपल्या पुराणांतल्या देव-असुरांची, वास्तू राजस्थानी, चित्रशैली पहाडी. तोही आरपीजी नव्हे, पण द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनात तो होता. तेव्हा जमत नाही म्हणू नये. राजस्थानी हवेल्यांऐवजी नाणेघाटाची नळी आणि तिथला दगडी रांजण का नाही, असा प्रश्न मात्र पुण्याच्याच खेळाला विचारावासा वाटतो, आणि तो प्रेमानं विचारतो.

साधनंही हाताशी आहेत. ज्या आस्की कंपनीनं ‘विझर्ड्री’ जपानात रुजवला तिनंच पुढे ‘आरपीजी त्सुकुरू’ हे साधन काढलं, १९९२ पासून त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. प्रोग्रामिंग न शिकलेल्या माणसालाही एकट्यानं आरपीजी रचता यावा यासाठी ते होतं. बाहेरच्या जगात ते आरपीजी मेकर म्हणून विकलं जातं. जपानातल्या कित्येक हौशी मुलांनी त्यावर खेळ केले. ‘कॉर्प्स पार्टी’ १९९६ साली त्यावर झाला, ‘युमे निक्की’ २००४ साली झाला, आणि २०११ साली एका कॅनडास्थित लेखकानं केलेला ‘टू द मून’ हा तरल खेळही त्याच साधनावर झाला. साधा संगणक पुरतो. आमच्या तालुक्यात कॉलेजं आहेत, संगणकाच्या प्रयोगशाळा आहेत, इतिहासाचे चांगले अभ्यासक आहेत, बोली जाणणारे लिहिते लोक आहेत. व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे, की जपानी माणसाच्या नावानं दार बंद करायला सांगणारं एक व्याख्यान या वर्षी कमी करा. त्या पैशात पाच-सहा मुलांना बसवा, एक इतिहासाचा आणि एक मराठीचा शिक्षक द्या, आणि १६०७ चं जुन्नर रचायला सांगा. खेळ कच्चा होईल. ‘ब्लॅक ऑनिक्स’ही कच्चाच होता. पण आपल्या खेळात भेटणारा नाणेघाटातला जकातदार मराठीत बोलेल, आणि तो नीट बोलतो की नाही हे सांगायला तालुक्यात हजार माणसं पुढे येतील.